नवीन कॉम्प्युटर सारखा क्रॅश होतोय? विंडोज नंतर टाका, आधी रॅमचा स्पीड खाली आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या तंत्रज्ञान पानावर घरच्या घरी कॉम्प्युटर असेंबल करण्यावर जो लेख आला तो मनापासून आवडला, खासकरून केसमध्ये हवा कुठून आत घ्यायची आणि कुठून बाहेर काढायची तो भाग, इतकं सोपं करून मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. पण लेखाच्या शेवटी, मशीन क्रॅश होत असेल तर विंडोज परत टाका आणि तरी थांबलं नाही तर कुठला तरी पार्ट खराब आहे असं समजा, अशा अर्थाची एक ओळ आहे आणि तिथे मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. माझ्याकडे ओळखीपाळखीतली नवीन जोडलेली मशिनं येतात, "हे सारखं रिस्टार्ट होतंय जरा बघ ना" म्हणून, आणि मालकाने विंडोज आधीच परत टाकलेलं असतं, काहींनी तर ग्राफिक्स कार्डसुद्धा बदलून आणलेलं असतं, आणि गडबड निघते ती बायोसमधल्या (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) एका सेटिंगमध्ये.

ते सेटिंग म्हणजे रॅमला खोक्यावरच्या स्पीडला चालवणारं तयार प्रोफाइल, एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डवर असेल तर एक्स्पो. रॅमच्या खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात ६००० किंवा ६४०० लिहिलेलं असतं, माणसाला वाटतं हा रॅमचा स्पीड, पण तीच रॅम बोर्डात घालून पहिल्यांदा चालू केली तर बहुतेक वेळा ४८०० नाहीतर ५६०० वरच चालते, कारण जेडेक या संस्थेत सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेला जो स्टँडर्ड स्पीड आहे तो तेवढाच असतो. वरचा आकडा मिळवायला बायोसमध्ये जाऊन ते प्रोफाइल ऑन करावं लागतं आणि ते ऑन करणं म्हणजे सरळसरळ ओव्हरक्लॉकिंग, ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडला पळवणं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, इंटेल आणि एएमडी दोघंही त्याला ओव्हरक्लॉकिंगच म्हणतात. इंटेलचं एक्सएमपी २००७ पासून म्हणजे डीडीआर३ पिढीच्या रॅमच्या काळापासून आहे, एक्स्पो २०२२ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० सीपीयूंबरोबर आलं. आणि त्या रायझन ७००० ची अधिकृत मर्यादा किती, तर रॅमच्या दोन स्टिकला (पट्ट्यांना) ५२००, आणि चारही स्लॉट भरले तर थेट ३६००! आता कोणी ६००० च्या चार स्टिक घालून एका क्लिकमध्ये एक्स्पो ऑन केलं आणि मशीन दिवसातून दोनदा आडवं झालं तर त्यात विंडोजचा काय दोष.

हे चालेल की नाही हे रॅमवर एकट्यावर अवलंबून नसतं हेही लोकांना माहीत नसतं. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर सीपीयूच्या आत असतो आणि एकाच मॉडेलचे दोन सीपीयू घेतले तरी एकाचा कंट्रोलर ६४०० आरामात खेचतो, दुसऱ्याचा ६००० वरच धापा टाकतो. मग बोर्डची वायरिंग आली, बायोसचं व्हर्जन आलं. म्हणून बोर्ड कंपनीच्या साइटवर कुठल्या रॅम त्या बोर्डवर तपासल्यात त्याची यादी असते, ती खरेदीच्या आधी बघायची असते, पण बघतं कोण.

आणि रॅमची गडबड कधी "मी रॅम आहे" असं सांगून येत नाही. आज ब्राउझरचा टॅब आपोआप बंद होईल, उद्या मोठी झिप फाइल उघडताना ती करप्ट आहे म्हणून एरर येईल, परवा गेम काही न बोलता डेस्कटॉपवर आणून सोडेल आणि मग कधीतरी निळी स्क्रीन. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ती काळी झालीये पण सगळे ब्लू स्क्रीनच म्हणतात आणि म्हणणार.) माझा अनुभव असा की प्रत्येक वेळी कोड वेगळा येत असेल, एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा तिसरंच काहीतरी, तर हार्डवेअरचा संशय घ्यावा आणि सुरुवात रॅमपासून करावी. दर वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हर फाइलचं नाव येत असेल तर ड्रायव्हर बघावा. हा काही पक्का नियम नाही पण बराच वेळ वाचतो.

विंडोज परत टाकण्याच्या सल्ल्यावर माझा खरा राग आहे तो यासाठी की तो नुसता निरुपयोगी नाही, त्याने काम वाढतं. इन्स्टॉल होताना प्रत्येक फाइल रॅममधून जाऊन एसएसडीवर लिहिली जाते. रॅम जर चुकीचे बिट देत असेल तर नवं कोरं विंडोज जन्मतःच फाटकं तयार होतं, मग नंतर तुम्ही रॅमचा स्पीड नीट केला तरी क्रॅश चालूच राहतात आणि माणूस म्हणतो की बघा रॅम पण नव्हती, आता मदरबोर्डच बदलतो. म्हणजे गडबड सापडली होती आणि तीच आपण हातची घालवली. म्हणून क्रम उलटा हवा. आधी बायोसमध्ये जाऊन लोड डिफॉल्ट्स, सगळं कंपनीच्या मूळ सेटिंगवर, मग मेमटेस्ट म्हणजे रॅमची तपासणी, आणि ते पास झाल्यावरच विंडोज, तेही गरज असली तरच, कारण खूपदा डीआयएसएम आणि एसएफसी या दोन कमांड चालवून फाटलेल्या फाइली दुरुस्त होतात.

मेमटेस्टबद्दल दोन शब्द. मेमटेस्ट८६+ फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकायचं, त्याच्यावरून मशीन बूट करायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं, निदान चार पास (पूर्ण फेऱ्या) तरी होऊ द्यायचे. एक जरी एरर आली तरी ती फेल. "एकच तर आलीये, चालतं" असं म्हणणारे भेटतात, नाही चालत, मेमरीत बरोबर उत्तरांची अपेक्षा शंभर टक्के असते, नव्याण्णव नाही. पुढे एक्सएमपी ऑन करून टेस्ट लावली आणि एरर आली तर ते बंद करून परत चालवा. बंद केल्यावर एरर गेली तर रॅम खराब म्हणता येत नाही, ती त्या स्पीडला त्या सीपीयूबरोबर जमत नाहीये इतकंच, मग एक पायरी खालचा स्पीड लावा, ६००० चं ५६०० करा आणि सुखात राहा, रोजच्या वापरात तो फरक डोळ्याला दिसत पण नाही. बंद करूनही एरर येत असेल तर एकेक स्टिक वेगळी काढून तपासा आणि जी नापास होईल ती वॉरंटीत द्या. दोनच स्टिक असतील तर सीपीयूपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात, चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डवर हेच असतं, तरी मॅन्युअल बघा. शेजारी शेजारी घातलेल्या स्टिक मी इतक्या वेळा बघितल्यात की आता केस उघडल्यावर पहिली नजर तिथेच जाते.

डीडीआर५ वाल्यांसाठी आणखी एक. पहिल्यांदा चालू केल्यावर किंवा बायोस रिसेट केल्यावर स्क्रीन कितीतरी मिनिटं काळी राहू शकते, त्या वेळात बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे कुठल्या टायमिंगला सिग्नल नीट पोचतात ते तपासत असतो. लोक घाबरून पॉवर बटण दाबून धरतात, ट्रेनिंग अर्धवट राहतं, परत पहिल्यापासून, आणि मग मला फोन येतो की बोर्ड मेला. बोर्ड मेलेला नसतो हो, चहा पिऊन या.

रॅमचा एवढा बाऊ का करतोय असं कोणाला वाटेल म्हणून सांगतो. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स, त्यांच्या स्वतःच्या मशिनवर ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ चं काम ऐन भरात असताना कंपाइल करताना भलतेच क्रॅश यायला लागले, त्यांना आधी वाटलं की कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नव्या कोडमध्येच बग आलाय, आणि निघाली काय तर अडीच वर्षं बिनतक्रार चाललेली रॅमची स्टिक. त्या मशीनमध्ये ईसीसी रॅम नव्हती, म्हणजे चुकलेला बिट ओळखून दुरुस्त करणारी. गंमत म्हणजे घरगुती मशिनांपासून ईसीसी लांब ठेवल्याबद्दल हेच गृहस्थ जानेवारी २०२१ मध्ये इंटेलवर जाहीरपणे उखडले होते. ज्या माणसाने ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिला तोही आधी सॉफ्टवेअरवरच संशय घेतो तर आपल्यासारख्यांनी विंडोजला शिव्या घातल्या तर नवल नाही. आणि डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच की असं कोणी ऐकवलं तर ते ऑन-डाय ईसीसी आहे, चिपच्या आतल्या आत दुरुस्ती करतं, चिप ते सीपीयू या वाटेत काही बिघडलं तर त्याचा उपयोग नाही.

दुसरं उदाहरण मायक्रोसॉफ्टमधलं. तिथले जुने प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिलं होतं की विंडोजकडून येणाऱ्या क्रॅश रिपोर्टमध्ये काही असे होते की जे होणं शक्यच नाही, म्हणजे क्रॅश अशा सूचनेवर झालेला की जी सीपीयूतलं एक रजिस्टर शून्य करते बस, मेमरीला हातही लावत नाही. चौकशी केल्यावर कळलं की बऱ्याच जणांची मशिनं ओव्हरक्लॉक केलेली होती, आणि त्यातल्या काहींना स्वतःला याचा पत्ताच नव्हता, विकणाऱ्याने परस्पर स्पीड वाढवून दिलेला. त्यानंतर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी लोकांच्या घरच्या सुमारे दहा लाख कॉम्प्युटरांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की हार्डवेअरमुळे एकदा क्रॅश झालेलं मशीन परत क्रॅश होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, काही बाबतीत शंभर पटीपर्यंत. आणि स्पीड ठरलेल्यापेक्षा थोडासा कमी ठेवला तरी मशीन जास्त भरवशाचं होतं हेही त्यात निघालं. म्हणजे "एकदाच झालं, जाऊ दे" हे धोरण कामाचं नाही.

आता इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही. मशीन अचानक रिस्टार्ट झालं की लोक लॉग उघडतात, लाल खुणेची कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते आणि पॉवर शब्द वाचला की झालं, पॉवर सप्लाय बदलायला निघतात. ती नोंद म्हणजे माणूस गेला एवढंच लिहिलेला दाखला आहे, कशाने गेला त्याचा त्यात पत्ता नसतो. मशीन नीट शटडाउन न होता परत सुरू झालं एवढंच विंडोज सांगतंय, कारण रॅम असो, पॉवर असो की तुम्ही स्वतः बटण दाबलेलं असो. तसंच मिनिडंप फाइल (क्रॅशच्या क्षणाची नोंद) उघडून त्यात विंडोजच्या कर्नल फाइलचं नाव दिसलं म्हणून विंडोज दोषी ठरत नाही, क्रॅश तिथे पकडला गेला इतकंच. मी आधी डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी शोधतो, त्या हार्डवेअरने स्वतः केलेल्या तक्रारी असतात. त्याच्याबरोबर रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो, कुठल्या तारखेला काय बंद पडलं आणि त्या दिवशी काय इन्स्टॉल केलं होतं ते शेजारी शेजारी दिसतं. विंडोजमध्ये आधीपासून आहे, कोणी वापरत नाही.

पॉवर सप्लाय निर्दोष असतो असं मला म्हणायचं नाही हां. निळी स्क्रीन न येता, गेम ऐन रंगात असताना मशीन एकदम बंद, जसं काही प्लग ओढला, असं होत असेल तर मी पण तिथेच जातो. आजकालची ग्राफिक्स कार्डं क्षणभरासाठी ठरलेल्यापेक्षा भलतीच जास्त पॉवर खेचतात, म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० स्टँडर्डमध्ये सप्लायने शंभर मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट पॉवरची उसळी सहन केली पाहिजे अशी अट आली. जुना सप्लाय वॉट भरपूर असूनही या उसळीला घाबरून बंद पडू शकतो. कार्डाला आठ पिनची दोन कनेक्शन लागत असतील तर एकाच केबलची दोन तोंडं वापरण्यापेक्षा दोन वेगळ्या केबल ओढा, आणि नवीन सोळा पिनवाला कनेक्टर शेवटपर्यंत दाबून बसवा, अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याच्या बातम्या २०२२ मध्ये सगळीकडे होत्या. आणि कृपा करून, एका सप्लायची मॉड्युलर केबल दुसऱ्या सप्लायला लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं असतं पण सप्लायकडच्या टोकाला पिनांचा क्रम कुठल्याच स्टँडर्डमध्ये ठरलेला नाही, कंपनीगणिक वेगळा असतो, बसते म्हणून लावली की एसएसडी-हार्डडिस्क जळून गेल्याचे प्रकार झालेत.

गरम होण्याबद्दल मात्र उगाच भीती आहे. रायझन ७००० मधले बरेचसे सीपीयू ९५ डिग्रीपर्यंत जाऊन तिथे थांबतील असेच बनवलेत, इंटेलचे १०० पर्यंत, आणि त्याच्या वर जायला लागलं तर सीपीयू आपणहून स्पीड कमी करतो, सहसा क्रॅश होत नाही. चालू केल्या केल्या शंभरी गाठत असेल तर कुलरखालचं प्लास्टिक काढलंय का ते बघा, हसू नका, हे होतं.

मग काही किरकोळ वाटणारी पण डोकं खाणारी कारणं. ग्राफिक्स कार्ड उभं लावायला रायझर केबल घेतली, ती जेन ३ ची (कार्डाच्या स्लॉटची जुनी, कमी स्पीडची पिढी) आणि कार्ड जेन ४ चं, मग स्क्रीन अधूनमधून काळी. बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर लॉक केला की संपलं. केसमध्ये मदरबोर्डच्या खाली एखादा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा धातूचा खुंटा) नको त्या जागी राहिला तर शॉर्ट. मशीन लोडवर तासन् तास ठीक चालतं आणि नुसतं बसलेलं असताना मरतं, हा प्रकार तर लोकांना खोटाच वाटतो, पण रायझनच्या बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने व्होल्टेज फार कमी केलेलं असेल तर होतं असं, कारण कमी कामात एखादाच कोर सगळ्यात वरच्या स्पीडला उडी मारतो आणि तेव्हा व्होल्टेज पुरत नाही. म्हणून सिनेबेंच (सीपीयूला ताण देणारी टेस्ट) दहा मिनिटं चाललं म्हणजे मशीन स्टेबल हे काही खरं नाही. प्राइम९५, वाय-क्रंचर, ओसीसीटी असे वेगवेगळ्या स्वभावाचे टेस्ट लावावे लागतात, एक पास होतो तिथे दुसरा पकडतो.

आणि कधी कधी खरंच कंपनीची चूक असते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप सीपीयूंचं प्रकरण आठवत असेल, गेम सुरू होताना शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल करताना "व्हिडिओ मेमरी संपली" असा एरर यायचा आणि लोक बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत बसले, दोष होता सीपीयूत. जादा व्होल्टेजमुळे आतलं सर्किट झिजत होतं. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडची (सीपीयूच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती बायोस अपडेटमधून दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण झिजलेला सीपीयू अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. २०२३ मध्ये एएमडीच्या बाजूलाही असंच, रायझन ७००० चे एक्स३डी सीपीयू जळाल्यावर एसओसी व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे बायोस आले. तिथेही एक्स्पो ऑन केल्यावर काही बोर्ड आपल्या मनाने ते व्होल्टेज चढवत होते, म्हणजे गाडी फिरून त्याच सेटिंगवर आली. म्हणून नवीन मशीन जोडल्यावर बायोस अपडेट करणं मी पहिल्याच दिवशीचं काम मानतो, फक्त ते चालू असताना पॉवर जाणार नाही एवढं बघा.

बाकी पद्धत एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, किती वाजता पडलं, काय चालू होतं, कोड काय आला. रागाच्या भरात एका संध्याकाळी बायोस, ड्रायव्हर, रॅम सगळं एकदम बदललं की मशीन सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही आणि पंधरा दिवसांनी परत आलं तर पाटी कोरी.

तुमच्या पानाकडून दोन अपेक्षा आहेत. एक, मशीन जोडण्यावरच्या पुढच्या लेखात सगळं डिफॉल्टवर ठेवून रात्रभर मेमटेस्ट ही पायरी विंडोज टाकण्याच्या आधी छापा, आणि पार्ट बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत ती करा हेही छापा, कारण त्या मुदतीत स्टिक सरळ बदलून मिळते आणि नंतर कुरिअरने पाठवून वाट बघत बसावं लागतं. दोन, जे लोक मशीन जोडून विकतात त्यांना पानावरून विचारा की रॅमचं प्रोफाइल ऑन करून देताय तर गिऱ्हाइकाला तसं सांगता का, आणि मेमटेस्टच्या निकालाचा एक फोटो बिलाबरोबर द्यायला काय हरकत आहे? रॅम कंपन्यांनी खोक्यावर ६००० च्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात मूळ स्पीडही लिहावा असं फार वाटतं, पण ते तुमच्या-माझ्या हातात नाही, फोटोचं मात्र उद्यापासून होऊ शकतं.

आपला,
एक नियमित वाचक